रागावलेल्या देवाची पानं

मुलीच्या मानेतली गाठ माझ्या हाताला लागली ती वेणी घालताना. उजव्या कानाच्या खाली, जरा मागे, बोराच्या बीएवढी. दाबली तर सरकत होती.

"दुखतं का गं?"

"नहीं तो. मम्मी, जल्दी कर ना, व्हॅन येईल."

तिची शाळा हिंदी माध्यमाची, त्यामुळे तिचं बोलणं असं अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं. ती दप्तर घेऊन पळाली आणि मी हातात कंगवा धरून तशीच उभी राहिले. ती नऊ वर्षांची होती. लग्नानंतर फार वर्षांनी झालेली, एकुलती एक.

गल्लीतल्या डॉक्टरांनी दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या. दहा दिवसांनी गाठ कमी व्हायच्या ऐवजी तिच्या शेजारी दुसरी आली. संध्याकाळी अंग कोमट लागायला लागलं. डब्यातली पोळी परत यायला लागली. डॉक्टर दुसऱ्यांदा तपासताना माझ्याकडे न बघता बोलले, "एकदा इंदूरला दाखवून या." ते माझ्याकडे बघत नव्हते, एवढंच मी घरी घेऊन आले. पुढचं काही मला ऐकूच आलं नव्हतं.

त्याच दिवसांत मी रोज दुपारी शेजारच्या सिस्टरमावशींना बायबल वाचून दाखवत होते. ते कसं सुरू झालं हे आधी सांगायला हवं.

सिस्टरमावशींचं घर आमच्या भिंतीला भिंत लागून. मूळच्या त्या नगरकडच्या. नर्स म्हणून बुऱ्हाणपूरला आल्या आणि इथल्याच झाल्या. अर्ध्या गल्लीची नाळ त्यांनीच कापलीय असं लोक सांगतात. वय ऐंशीच्या पुढे, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात एकट्या. दोनेक वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांचा पडदा खराब झाला. कडेकडेचं दिसतं, पण ज्याच्याकडे बघावं तिथंच काळा डाग. दारात कोणी आलं हे कळतं, चेहरा कळत नाही. वाचन तर संपलंच.

एका दुपारी त्यांनी भिंतीवरून हाक मारली. "तुला मराठी नीट वाचता येतं ना गं?"

येत होतं. माझे वडील जळगावकडून येऊन नेपानगरच्या कागद कारखान्यात लागले होते. आमच्या घरी कागदाला कधी तोटा नव्हता, आणि वडील कामावरून आले की मला समोर बसवून मोठ्यानं वाचायला लावायचे. गल्लीतल्या बाकी पोरांची मराठी बोलण्यापुरतीच. मावशींच्या चर्चमध्येही सगळं हिंदीत चालतं. त्यांचं शास्त्र, म्हणजे बायबल, मात्र मराठी, त्यांच्या वडिलांनी लग्नात दिलेलं, काळ्या पुठ्ठ्याचं.

"मावशी, मी हिंदू आहे. चालेल का?"

"देवाला चालतं का ते त्याला विचार. मला डोळे हवेत."

"कुठून वाचू?"

"पहिल्या पानापासून. एकही ओळ गाळायची नाही." मग त्या म्हणाल्या, "साठ वर्षं मी आवडीचं तेवढंच वाचलं. स्तोत्रं वाचली, प्रभूच्या गोष्टी वाचल्या. बाकीचं चाळून पुढे गेले. आता मला सगळं ऐकायचंय."

माझ्या डोक्यात ख्रिस्ती लोकांचा देव म्हणजे कॅलेंडरवरचा, कोकरू कुशीत घेतलेला. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात मी गडबडले. माणसं घडवली म्हणून देवाला वाईट वाटलं आणि त्यानं पाणी सोडलं, हे वाचताना माझा आवाज बारीक होत गेला.

"लहान पोरंही बुडाली असतील, मावशी?"

"असतील."

"त्यांनी काय केलं होतं?"

"वाच पुढे," त्या म्हणाल्या.

पुढे दुसरंही होतं, हे खरं. पहिल्या दोघांना बागेतून हाकललं, पण जाण्याआधी त्यांच्यासाठी कातड्याचे कपडे देवानंच केले, हे मला फार आवडलं होतं. रागानं घराबाहेर काढणाऱ्या आईनं मागून स्वेटर फेकावा, तसं. मी ते मावशींना म्हटलं तर त्या खुदकन हसल्या. वाळवंटात पळून गेलेल्या दासीचं लेकरू तहानेनं रडत होतं आणि देवानं तिला विहीर दाखवली, ते मी मावशींसाठी दोनदा वाचलं. पण पुढच्याच महिन्यात मिसर देशातल्या घराघरातलं थोरलं मूल एका रात्रीत मेलं. राजाचं मेलं आणि जात्यावर बसणाऱ्या दासीचंही मेलं. मला कळेना की विहीर दाखवणारा आणि हा एकच कसा. मावशी काही समजावून सांगायच्या नाहीत. डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून ऐकत बसायच्या.

तोपर्यंत हे सगळं माझ्यासाठी लांबचं होतं. गाठ हाताला लागली आणि ते घरात शिरलं.

तेव्हा आम्ही राजांच्या गोष्टींपाशी होतो. एका टोळीला पार पुसून टाक, बाया, अंगावरची पोरं, गुरंढोरं, काही ठेवू नको, असा हुकूम पहिल्या राजाला होतो. मी वाक्याच्या अर्ध्यावर आले, पुढे 'तान्ही' हा शब्द दिसला आणि माझी जीभ वळेना. मी दोन पानं एकदम उलटली आणि जणू काही झालंच नाही अशा आवाजात पुढचं वाचायला लागले. आठवड्याभरानं पुन्हा तसंच. देवाचा पवित्र कोश गाडीवरून नेत असताना बैल अडखळले, तो पडू नये म्हणून एकानं हात लावला आणि तो जागीच मेला. तेही मी गाळलं. मावशी काही बोलल्या नाहीत. मला वाटलं, त्यांना कळलं नाही.

खरं सांगायचं तर मी त्यांच्यासाठी गाळत नव्हते. माझ्या मनात एक वेडी भीती बसली होती, की असलं काही मी तोंडानं म्हटलं तर ते कुणीतरी ऐकेल.

घरात सासूबाईंनी वेगळंच लावून धरलं होतं. मुलगी व्हावी म्हणून त्यांनी इच्छापूरच्या देवीला नवस बोलला होता. पोर पाच वर्षांची झाली की तिला पायी आणून ओटी भरीन, असा. ती पाच वर्षांची झाली त्याच वर्षी लॉकडाऊन लागला. मग शाळा, मग माझ्या मिस्टरांची बदली, मग सासूबाईंचेच गुडघे. नवस राहिला तो राहिलाच.

"देवी किती वाट पाहील व माय," त्या रोज म्हणायच्या. "मी म्हणू राहिली चार सालापासून. कोणी ऐकलं नाही. आता पोरीच्या मानेवर बोट ठेवलं तिनं."

"आई, असं बोलू नका. तिच्यासमोर तर अजिबात नको."

"मी काय खोटं बोलू राहिली?"

मी शिकलेली. गाठ ही गाठ असते, देवी कोणाच्या मानेवर बोट ठेवत नाही, हे मला माहीत होतं. तरी भांडी घासताना, कपडे वाळत घालताना ते वाक्य कानात वाजत राहायचं. समोरच्या गल्लीतल्या यंत्रमागांच्या खटखटीबरोबर त्याचा ठेकाच धरला जायचा. बोट ठेवलं तिनं, बोट ठेवलं तिनं. एका दुपारी देवघरासमोर उभी राहून मी हळूच म्हटलं, "माझं काय ते मला कर." आणि लगेच मला लाज वाटली, कारण त्या बोलण्याचा अर्थ असा होता की ती असं करू शकते हे मी मान्य केलं होतं.

इंदूरला आम्ही पहाटेच्या बसनं गेलो. मोठ्या दवाखान्यात गर्दी होती. तपासणीसाठी सुईनं गाठीतलं थोडं काढायचं होतं. मुलीनं विचारलं, "सुई बड़ी है क्या?" मी म्हटलं, "नाही, बारीक." ती होती बरीच मोठी. गाठीत घातली तेव्हा मुलीनं माझा अंगठा इतका आवळला की नख उमटलं. रडली नाही. तिच्या न रडण्याचीच मला भीती वाटली. इतकं शहाणं मूल देव ठेवतो का, असलं काहीतरी डोक्यात आलं.

बाहेरच्या बाकावर आमच्या शेजारी एक बाई बसली होती. शाहपूरकडची, शेतकऱ्याच्या घरची. तिच्याही मांडीवर डोकं ठेवून एक मुलगी झोपली होती, आमच्या पोरीच्याच वयाची. तिचीही गाठ मानेतच, डाव्या बाजूला. दोघींची सुई एकाच सकाळी झाली होती. आम्ही एकमेकींशी अशा बोललो, जशा माहेरच्या बसमध्ये भेटलेल्या बाया बोलतात. तिनं केळीच्या वेफर्सची पिशवी काढली, दोन्ही पोरींनी ते वाटून खाल्ले. रिपोर्ट सात दिवसांनी मिळणार होता, प्रत्यक्ष येऊन घ्यायचा होता. आम्ही एकमेकींचे नंबर घेतले.

"तुमची बरी होईल," ती मला म्हणाली. "तुमच्याही पोरीचं चांगलं होईल," मी म्हणाले. त्या वेळी दोन्ही वाक्यं सारखीच होती.

त्या सात दिवसांत मला धड बसवत नव्हतं. गॅसवर दूध ठेवायचं आणि विसरायचं. मुलगी शाळेत गेली की तिच्या उशीचा वास घ्यायचा. मिस्टर विजेच्या खात्यात आहेत, त्या आठवड्यात वाऱ्यानं केळीच्या बागा आणि खांब दोन्ही आडवे झाले होते, ते दिवसभर लाइनवर असायचे. घरी आले की माझ्याकडे बघायचे आणि मी नुसती मान हलवायची. फोन वाजला की दोघंही दचकायचो.

चौथ्या दिवशी मी मावशींकडे गेले ते निव्वळ घरात बसवेना म्हणून. शास्त्र उघडलं. खूण ठेवली होती तिथून वाचायला लागले. राजानं दुसऱ्याची बायको आणली, तिच्या नवऱ्याला मारवलं. देवाचा माणूस येऊन राजाला म्हणाला, तुझं पाप तुला माफ आहे, तू मरणार नाहीस, पण तुला झालेलं मूल मरेल.

मी थांबले. पान उलटलं. पुन्हा एक उलटलं.

"दोन पानं उलटलीस," मावशी म्हणाल्या.

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"याआधीही दोनदा केलंस. एकदा त्या टोळीच्या वेळी, एकदा गाडीवरच्या कोशाच्या वेळी. मला डोळे नाहीत पोरी, कान आहेत. ही पानं पातळ आहेत, एक उलटलं की वेगळं वाजतं, दोन उलटली की वेगळं."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"तुझ्या घरात काय चाललंय ते मला माहीत आहे. म्हटलं, राहू दे. पण हे नको गाळू. ह्याच्यासाठीच मी तुला पहिल्या पानापासून वाचायला लावलं. एकदम हेच वाच म्हणायची मला हिंमत नव्हती."

मला कळलं नाही. त्यांनी समोरच्या भिंतीकडे तोंड केलं, म्हणजे कडेनं मी त्यांना दिसत असेन, आणि सांगायला लागल्या.

त्यांना एक मुलगी झाली होती. मला हे ठाऊक नव्हतं, गल्लीत कोणालाच ठाऊक नव्हतं. मावशी तेव्हा चोवीस वर्षांच्या होत्या, इथं यायच्या आधी. मुलगी आठ महिन्यांची. तिला शनिवारी जुलाब लागले. रविवारी सकाळी जरा बरी वाटली म्हणून शेजारणीकडे ठेवून मावशी ड्युटीवर गेल्या, कारण एक अडलेली बाई आणली होती आणि दुसरी नर्स नव्हती. ती बाई वाचली, तिचं मूलही वाचलं. मावशी तिसऱ्या प्रहरी घरी आल्या तेव्हा मुलीचे डोळे खोल गेले होते. दिवेलागणीला ती गेली.

"गावाकडचे आमच्यातले एक वडीलधारे भेटायला आले," मावशी म्हणाल्या. "बसले, पाणी प्यायले. म्हणाले, रविवारी काम करून प्रभूचा दिवस मोडलास, बाई. देवानं त्याचं घेतलं. आणि हाच अध्याय त्यांनी मला वाचून दाखवला. बापाच्या पापापायी लेकरू गेलं, तसं आईच्या पापापायी. मी बाळंतपण सोडवायला गेले होते गं. ते पाप."

त्यांचा हात धरावासा वाटला, पण त्यांनी हात मांडीवर घट्ट बांधून ठेवले होते.

"मग तुम्ही हे सगळं सोडलं का नाही?" मी विचारलं. शास्त्राकडे बोट केलं, त्यांना ते दिसलं नसणार.

"त्यानंतर रिटायर होईपर्यंत मी रविवारची ड्युटी मागून घेतली. बाकीच्यांना वाटायचं, सिस्टर किती चांगली, सगळ्यांना सुट्टी देते. चांगुलपणा नव्हता तो. राग होता. म्हटलं, बघू अजून काय नेतोस." त्या सरसावून बसल्या. "आता वाच. मला माझ्या कानांनी ऐकू दे, त्या म्हाताऱ्याच्या आवाजात नाही."

मी वाचलं. सात दिवस राजा जमिनीवर पडून राहिला, जेवला नाही, देवाला विनवत राहिला. सातव्या दिवशी मूल गेलं. चाकर एकमेकांत कुजबुजायला लागले, ह्याला सांगायचं कसं. राजाला कुजबुजण्यावरूनच कळलं. तो उठला, अंघोळ केली, देवाच्या घरी जाऊन आला आणि जेवायला बसला. मी आता त्याच्याकडे जाईन, तो काही माझ्याकडे परत येणार नाही, म्हणाला.

सात दिवस. माझा त्या दिवशी चौथा होता. शेवटच्या ओळीला मी पुस्तक तसंच उघडं टाकलं आणि पदर तोंडात कोंबून रडले. मावशींनी मला रडू दिलं. थोड्या वेळानं त्या एकदम म्हणाल्या, आणि आवाज अगदी वॉर्डातल्या सिस्टरचा:

"बाळाच्या आईचं काय लिहिलंय?"

मी डोळे पुसून पुन्हा शोधलं. "तिचं... काही नाही. राजानं नंतर तिचं सांत्वन केलं, एवढंच."

"सात दिवस ती काय करत होती? पान्हा येत असेल. ते कुठं आहे?"

"नाही."

"बाळाचं नाव?"

"तेही नाही."

"म्हणजे लिहिणाऱ्यानं बघितलंच नाही," मावशी म्हणाल्या. "राजाकडे बघत बसला. मूल आजारी पडलं, मूल गेलं, हे झालं असेल. का गेलं हे लिहिणाऱ्यानं जोडलं. माझ्या त्या म्हाताऱ्यानं जोडलं तसंच." पण लगेच त्यांनीच मान हलवली. "किंवा मला तसं म्हणायला सोयीचं आहे. मलाही कळत नाही. गोड तेवढं देवाचं आणि कडू ते लिहिणाऱ्याचं, असं म्हटलं की सुटलं. इतकं सोपं असतं तर मी साठ वर्षं हा अध्याय टाळला नसता."

"मग तुम्ही ह्या दोघांचा मेळ कसा लावता? कोकरूवाल्याचा आणि ह्याचा?"

त्यांनी मांडीवरचे हात सोडले. मग म्हणाल्या, "वॉर्डात पोरं मला राक्षसीण म्हणायची. मी सुई टोचायचे ना. आईला सांगायची, ही दुष्ट बाई आहे, हिला हाकल. मी त्यांचं भलंच करत होते. पूर्वी मी स्वतःला तसं समजवायचे, की आपल्याला सुई दिसते, औषध दिसत नाही. पण सगळी पोरं बरी होत नव्हती गं. जी गेली त्यांना मी फक्त टोचलंच. म्हणून ते उत्तरही अर्धंच. मला एवढंच कळतं, की मी साठ वर्षं त्याच्याशी भांडले आणि भांडताना तो समोर होता. नसता तर मी भांडले कोणाशी?"

ह्यानं माझी भीती गेली असं मी म्हणणार नाही. उलट त्या रात्री मी जास्तच घाबरले, कारण मला वाटलं होतं मावशींकडे उत्तर असेल. पण दुसऱ्या दिवशी देवघरासमोर उभी राहिले तेव्हा मी 'माझं काय ते मला कर' म्हटलं नाही. मी म्हटलं, "पोरीला काही करायचं नाही. सांगून ठेवते." मागे सासूबाई उभ्या होत्या. त्या दचकल्या.

आठव्या दिवशी रिपोर्ट घ्यायला मी आणि मिस्टर गेलो. मुलीला घरी ठेवलं. डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला आणि म्हणाल्या, "टीबी है. गाँठ वाली. छह महीने दवा चलेगी, ठीक हो जाएगी." टीबी ऐकून आनंदानं रडलेली बाई त्यांनी पहिल्यांदाच पाहिली असेल. मिस्टरांनी खिडकीकडे तोंड केलं. मी त्यांचा शर्ट मागून धरून उभी होते.

बाहेर आलो तर बाकावर ती शाहपूरची बाई. तिच्या हातातही कागद होता. नवरा शेजारी, भिंतीला टेकून, चपलांकडे बघत. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि माझ्या चेहऱ्यावर जे काय होतं ते कुठं लपवू असं मला झालं.

"कॅन्सर म्हणतात," ती म्हणाली. "तुमचं?"

मी सांगितलं. तिनं माझा हात धरला. "बरं झालं व ताई. बरं झालं," म्हणाली. तिच्या आवाजात हेवा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

परतीच्या बसमध्ये मी मिस्टरांना म्हटलं, "आपल्याला देवानं वाचवलं असं मी आता कसं म्हणू? मग तिला काय केलं त्यानं?" ते म्हणाले, "नको विचार करू. आज नको." घाटात बस वळणं घेत होती.

घरी सासूबाई दारातच बसल्या होत्या. ऐकल्यावर त्यांनी दोन्ही हात कपाळाला लावले. "ऐकलं व माय देवीनं. आता नवस फेडायचा. मी गाडीनं येईन, तुम्ही पोरीले पायी आणा."

मी थकले होते, म्हणून माझ्या तोंडून निघून गेलं. "आई, तिथं अजून एक पोर होती. हिच्याच वयाची. तिला कॅन्सर निघाला. तिच्या आईनंही नवस बोललाच असेल. देवीनं तिचं का नाही ऐकलं?"

मला वाटलं त्या चिडतील. काहीतरी म्हणतील, मागच्या जन्माचं, कुणाच्या तरी चुकीचं. त्यांनी हातातला पदराचा काठ गुंडाळला, सोडला. मग म्हणाल्या, "नाव काय त्या पोरीचं?"

मी सांगितलं.

"तिच्या नावाची पण ओटी भरते मी. दोन खण आण."

पोरीच्या मानेवर देवीचं बोट पाहणारी हीच बाई. माझ्या मनात त्यांच्याबद्दल महिनाभर जे साचलं होतं ते एकदम कुठं ठेवावं कळेना. मी आत जाऊन पाणी प्यायले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशींना सांगितलं. आमचं ऐकून त्या हसल्या, दुसरीचं ऐकून त्यांनी तोंड फिरवलं. प्रार्थनेत घ्यायला त्यांनीही तिचं नाव विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "आज वाचायचं का?" मी वाचलं. पुढे त्याच राजाच्या घरात खून, बंड, मग दुष्काळ. काही गाळलं नाही.

नवस आम्ही फेडला. मुलगी गोळ्या घेत होती, तिला दम लागत होता, म्हणून शेवटच्या पायऱ्याच तेवढ्या पायी. सासूबाईंनी दोन ओट्या भरल्या. दुसरी भरताना त्यांनी देवीला काहीतरी सांगितलं. ओठ जोरात हलत होते. विनवणी नव्हती ती, मला रागावल्यासारखं वाटलं.

सहा महिन्यांनी मुलीच्या गोळ्या संपल्या. गाठी बसल्या. सकाळी वेणी घालताना माझी बोटं अजूनही मानेवरून फिरतात आणि ती वैतागते, "मम्मी, कुछ नहीं है, छोड़ ना." मी सोडते. दुसऱ्या दिवशी पुन्हा फिरवते.

मावशींचं वाचन चालू आहे. आम्ही संदेष्ट्यांपाशी, म्हणजे देवाचे निरोप सांगणाऱ्यांपाशी, आलोय. तिथं तर एकाच पानावर दोन्ही. वर देव म्हणतो मी तुम्हाला फाडून टाकीन, आणि खाली म्हणतो मी तुम्हाला बोट धरून चालायला शिकवलं, तुम्हाला टाकू कसं? परवा असं एक पान वाचून झाल्यावर मावशी म्हणाल्या, "बघ, त्याचंही ठरत नाहीये." आणि चहा ठेवायला उठल्या, भिंतीला हात लावत.

शाहपूरच्या बाईला मी दर सोमवारी फोन करते. पहिल्यांदा केला तेव्हा वाटलं होतं, ती माझा आवाज ऐकून फोन ठेवून देईल. तिनं ठेवला नाही. मुलीचे उपचार इंदूरलाच चालू आहेत. केस गेले होते, आता थोडे येतायत. डॉक्टर अजून हो म्हणत नाहीत आणि नाहीही म्हणत नाहीत.

गेल्या सोमवारी मी तिला विचारलं, "देवाचं काही करता का?"

"करते ना," ती म्हणाली. "रोज सकाळी दिवा लावते आणि शिव्या देते." मग मागे वळून मुलीला ओरडली, "अगं, भात खाल्ला का?" आतून काहीतरी उत्तर आलं, मला ऐकू आलं नाही. "खाल्ला म्हणते," ती मला म्हणाली. "आज दोन घास जास्त."